घरच्या कॉम्प्युटरवर फाइल शोधली तरी सापडत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळपासून मुलुंडपर्यंत घरोघरी जाऊन मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. पूर्वी फोन यायचे ते 'चालूच होत नाही' म्हणून. आता बरेचसे येतात 'सर्च बिघडलंय' म्हणून. गेल्यावर कळतं की सर्च बऱ्याचदा ठणठणीत असतं. ते भलत्याच खोलीत शोधत असतं, नाहीतर आपण त्याला भलतंच नाव सांगितलेलं असतं. खरा बिघाडही असतो, नाही असं नाही, पण तो शेवटी तपासायचा.

खालची उत्तरं विंडोज १० आणि ११ साठी आहेत. मेन्यूंची नावं इंग्रजीत दिसतात तशीच उच्चारून लिहिली आहेत. आज्ञा मात्र इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.

सर्च खरंच बिघडलंय हे कशावरून ओळखायचं?

दोन मिनिटांची परीक्षा आहे. डॉक्युमेंट्स फोल्डर उघडा, राइट क्लिक करून एक नवी टेक्स्ट फाइल बनवा. तिला इंग्रजी अक्षरांत असं नाव द्या जे कॉम्प्युटरवर दुसरीकडे कुठेच नसेल. मी नेहमी 'चिंचपोकळी' देतो. आत एकच शब्द लिहा, समजा 'आंबोळी', तोही इंग्रजी अक्षरांत. सेव्ह करून बंद करा आणि मिनिटभर थांबा. आता त्याच फोल्डरच्या उजव्या कोपऱ्यातल्या शोधचौकटीत आधी नाव टाका, मग आतला शब्द टाका.

दोन्ही सापडलं, तर तुमचं सर्च धडधाकट आहे. हरवलेली फाइल दुसऱ्या जागी आहे, दुसऱ्या नावाने आहे किंवा नाहीच आहे. नाव सापडलं पण आतला शब्द सापडला नाही, तर फाइलच्या आतला मजकूर वाचण्याची सोय बंद आहे. ती तपासायची जागा खाली 'सूची नव्याने कशी बनवायची?' या प्रश्नात आहे. काहीच सापडलं नाही, तर मात्र तो प्रश्न पहिल्यापासून वाचा.

ही परीक्षा न करता लोक थेट फॉरमॅटपर्यंत, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकण्यापर्यंत पोचतात, म्हणून ती पहिली.

हे 'इंडेक्स' म्हणजे नक्की काय?

मुंबईत ज्याने एकदा तरी फ्लॅट घेतलाय किंवा विकलाय त्याला 'इंडेक्स टू', म्हणजे सूची क्रमांक दोन, माहीत असतो. फ्लॅटचा करार पन्नास-साठ पानांचा असतो, तो दर वेळी कोण वाचणार? निबंधक कार्यालय त्यातलं नेमकं तेवढं एका पानावर उतरवून ठेवतं: कोणी दिलं, कोणी घेतलं, कुठली मिळकत, किती मोबदला, दस्त क्रमांक काय. शोधणारा आधी ते पान बघतो, करार नंतर काढतो.

विंडोजही तेच करतं. कॉम्प्युटर रिकामा असला की मागच्या मागे फाइल्स वाचून त्यांची नावं, तारखा, आतले शब्द असं एका सूचीत लिहून ठेवतं. तुम्ही शोधता तेव्हा ते डिस्कवर हिंडत नाही, सूची बघतं. म्हणून एरवी उत्तर क्षणात येतं. आणि सूचीत नोंद नसेल तर फाइल डोळ्यांसमोर असूनही 'काही सापडलं नाही' असं येतं. ज्यांनी विंडोज एक्सपी वापरलं त्यांना शोधताना शेपूट हलवत बसणारा कुत्रा आठवत असेल. तो बिचारा बहुतेक वेळा खरोखरच डिस्कभर हिंडायचा, म्हणून वेळ लागायचा. सूचीवर चालणारं हे सर्च विंडोजमध्ये अंगभूत झालं ते २००७ साली व्हिस्टाबरोबर.

माझ्या सगळ्या फाइल्स 'डी'मध्ये आहेत. स्टार्ट मेन्यूतून शोधलं तर एकही येत नाही. का?

कारण त्याला डीमध्ये जायला कोणी सांगितलेलंच नसतं.

आपल्याकडे कॉम्प्युटर असेंबल करून देणारा एका डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे पाडून देतो आणि जाताना बजावतो, 'सीमध्ये काही ठेवू नका, महत्त्वाचं सगळं डीमध्ये.' सल्ला वाईट नव्हता. सीमधलं विंडोज उडालं तरी डी वाचायचा. पण विंडोज हे गृहीत धरून चालत नाही. मूळ सेटिंगमध्ये, ज्याला 'क्लासिक' म्हणतात, ते डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक असे ठरलेले फोल्डरच सूचीत घेतं. त्यामुळे लग्नाचे फोटो, सोसायटीचे हिशेब, मुलांचे दाखले, सगळं डीमध्ये आणि सूची मात्र सीची.

उपाय दोन आहेत. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' खाली, आणि विंडोज १० मध्ये सेटिंग्जच्या 'सर्च' खाली, 'सर्चिंग विंडोज' नावाचं पान असतं. तिथे 'क्लासिक'ऐवजी 'एन्हान्स्ड' निवडलं की अख्खा कॉम्प्युटर सूचीत येतो. मशीन नवं असेल, एसएसडी (आत काही न फिरणारी, वेगवान डिस्क) असेल तर बेलाशक करा.

मशीन जुनं असेल तर मी दुसरा उपाय करतो. विंडोजचं बटण आणि 'आर' एकत्र दाबायचं, छोट्या चौकटीत 'कंट्रोल' टाइप करून एंटर मारायचं. कंट्रोल पॅनल उघडलं की चिन्हं मोठी करायची आणि 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' गाठायचं. (बऱ्याच ठिकाणी 'इंडेक्सिंग ऑप्शन्स सर्च करून उघडा' असं लिहिलेलं असतं. सर्चच बिघडलंय म्हणून आलेल्या माणसाला!) तिथे 'मॉडिफाय' दाबून डीमधल्या हव्या त्याच फोल्डरपुढे टिक करायची. सिनेमांचा फोल्डर कशाला घ्यायचा? कागदपत्रांचा घ्या, फोटोंचा घ्या, बास.

तोवर घाई असेल तर थेट डी उघडून तिथल्या चौकटीत शोधा. तिथे विंडोज सूचीशिवाय, जुन्या पद्धतीने एकेक फोल्डर उघडून बघतं. हिरवी पट्टी रांगत जाते, पण नावावरून फाइल मिळते. आतल्या मजकुरावरून मात्र सहसा मिळत नाही.

पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्डडिस्कवरचं?

पेनड्राइव्ह सूचीत येत नाही. तो लावा, उघडा आणि त्याच्याच चौकटीत शोधा. हळू होईल, ते बरोबरच आहे.

मराठीत नाव दिलेली फाइल मराठीत शोधली तरी सापडत नाही. विंडोजला मराठी कळत नाही का?

कळतं. पण मराठी अक्षरं डोळ्यांना एक दिसतात आणि मशीनच्या पोटात वेगळी असतात, आणि हा घोळ दोन थरांचा आहे.

पहिला थर जुन्या फाँटचा. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर मुळात मराठी नसतोच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, फाँट फक्त त्यांच्या जागी क, ख, ग यांची चित्रं दाखवतो. खात्री करायची असेल तर तो मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. 'वार्षिक सर्वसाधारण सभा'च्या जागी डॉलर, कंस, उद्गारचिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. विंडोजच्या सूचीत ती खिचडीच गेलेली असते. तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे आताच्या फोन-कॉम्प्युटरवरच्या खऱ्या मराठी अक्षरांत, 'सभा' लिहून शोधलंत तर ती कशी जुळणार? काही जण ती खिचडीच कॉपी करून शोधचौकटीत टाकतात. कधी लागतं, बऱ्याचदा नाही, कारण मधल्या चिन्हांपाशी विंडोज शब्द तोडतं. खरा उपाय म्हणजे फाइल युनिकोडमध्ये बदलून घेणं. त्यासाठी फाँट-परिवर्तक मिळतात, फक्त नेमका कुठला फाँट होता ते आधी बघा आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं एकदा वाचून घ्या. डीटीपीवाल्याकडून आलेल्या पेजमेकरच्या फाइल असतील तर त्यांच्या पोटात विंडोजचं सर्च शिरतच नाही. त्या फक्त नावाने सापडतील.

दुसरा थर युनिकोडमधलाच आहे आणि तो जास्त छळतो. 'ॲ' घ्या. हे अक्षर एका तुकड्यात साठवता येतं, आणि 'अ'वर चंद्र देऊन दोन तुकड्यांतही. एका तुकड्याचं अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीच्या फाइल्समध्ये ते असणं शक्यच नाही. म्हणजे 'ॲडमिशन फॉर्म' अशा नावाची फाइल फोनवरून एका पद्धतीने आलेली असेल आणि तुम्ही कॉम्प्युटरवर दुसऱ्या पद्धतीने शोधत असाल. स्क्रीनवर दोन्ही सारखीच.

तसाच आपला अर्धा र. 'दुसऱ्या', 'वऱ्हाड', 'सातबाऱ्याचा' यांतला तो डोळ्याच्या पापणीसारखा र काही कीबोर्ड 'ऱ'चा पाय मोडून काढतात, काही साध्या 'र'चा पाय मोडून पुढे एक न दिसणारी जोडखूण घालून. परळच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी 'दुसऱ्या मजल्याची गळती' नावाची फाइल तासभर शोधत होते. मी गेलो तेव्हा ती उघड्या फोल्डरमध्ये दिसत होती आणि बाजूच्या चौकटीत तेच नाव टाकलं की गायब होत होती. नाव टाइप केलं होतं त्यांच्या सुनेने, तिच्या लॅपटॉपवर. मी नुसतं 'गळती' टाकलं, फाइल आली. काका म्हणाले, 'म्हणजे चूक कोणाची?' कोणाचीच नाही.

तेव्हा युक्ती लक्षात ठेवा: नावातला सगळ्यात साधा, जोडाक्षर नसलेला शब्द शोधा. तो नसेल तर शब्दाचा अवघड अक्षराआधीचा तुकडा टाका. 'दुस' टाकलं तरी 'दुसऱ्या' येतो. अनुस्वाराचंही तेच आहे, 'आनंद' आणि 'आनन्द' हे विंडोजला दोन वेगळे शब्द. आणि मराठी आकड्यांनी लिहिलेली पावती इंग्रजी आकड्यांनी सापडेलच या भरवशावर राहू नका.

इंग्रजी लिपीतल्या मराठी नावांचा तर विषयच नको. 'श्री' एकाने एका 'आय'चा लिहिलेला असतो, दुसऱ्याने दोन 'ई'चा. 'गायकवाड'मध्ये 'व्ही' की 'डब्ल्यू' हे त्या-त्या गायकवाडांनाच ठाऊक.

स्कॅन केलेला कागद आतल्या मजकुरावरून का सापडत नाही?

कारण तो मजकूर नाही, फोटो आहे. पीडीएफ दोन प्रकारच्या असतात. वीजबिलाची, बँकेच्या स्टेटमेंटची पीडीएफ कॉम्प्युटरनेच बनवलेली असते, तिच्यात खरी अक्षरं असतात आणि विंडोज ती वाचतं. झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून आणलेली किंवा फोनने काढलेली पीडीएफ म्हणजे पानाचं छायाचित्र. ओळखायची खूण सोपी: पीडीएफ उघडून एखाद्या शब्दावर माउस ओढा. शब्द निवडला गेला तर अक्षरं आहेत, नाही तर चित्र आहे.

मुलुंडच्या एका मावशींच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट निघालं आणि कमिटीने इंडेक्स टूची प्रत मागितली. मावशींना पक्कं आठवत होतं, मुलाने परदेशी जाण्याआधी सगळे कागद स्कॅन करून ठेवले होते. त्या 'इंडेक्स' शोधत होत्या, 'फ्लॅट' शोधत होत्या, स्वतःचं नाव शोधत होत्या. सर्च म्हणत होतं, काही नाही. स्कॅनरने फाइल्सना दिलेली नावं होती 'स्कॅन ००१', 'स्कॅन ००२', अशी थेट सत्तेचाळीसपर्यंत. नाव शोधून उपयोग नव्हता, म्हणून आम्ही तारीख शोधली. मुलगा गेला तो महिना त्यांना अर्थातच माहीत होता. फोल्डर 'डेट मॉडिफाइड'प्रमाणे लावला, व्ह्यू मोठ्या चित्रांचा केला आणि पानं नजरेखालून घातली. बाविसाव्या क्रमांकावर सूची क्रमांक दोन. मग तिथेच बसून सगळ्या सत्तेचाळीस फाइल्सना नावं दिली, त्यात दोन चहा झाले.

चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारी साधनं आहेत, त्याला ओसीआर म्हणतात. टेसरॅक्ट नावाचं फुकट साधन मराठीही वाचतं. छापील स्वच्छ पान असेल तर ठीक वाचतं, शिक्के मारलेला जुना कागद असेल तर अंदाजपंचे. पण आधार, पॅन, करारनामे असले कागद कुठल्या तरी अनोळखी वेबसाइटवर चढवून ओसीआर करून घेऊ नका.

नावाचा मधला भाग आठवतोय. तो टाकला तर येत नाही.

सूचीत शोधताना विंडोज शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतं. 'सात' टाकलं तर 'सातबारा' येईल, 'बारा' टाकलं तर येईलच असं नाही. अशा वेळी शब्दाच्या आधी चांदणी टाका, आठच्या बटणावर असते ती. फोनमधल्या फोटोंच्या नावात तारीख अक्षरांना चिकटून आलेली असते, तिथे ही चांदणी फार कामाला येते.

काल उघडून वाचलेली फाइल आज नाही. मी पुसलेली नाही!

तुम्ही ती सेव्हही केलेली नाही. मेलमधली किंवा व्हॉट्सॲपमधली फाइल नुसती क्लिक करून उघडली की ती एका लपलेल्या, तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरते. हे फोल्डर 'ॲपडेटा'च्या आत असतात आणि विंडोज ते मुद्दाम सूचीतून वगळतं. त्याच उघडलेल्या फाइलमध्ये तुम्ही दुरुस्त्या केल्या असतील तर लगेच तो प्रोग्रॅम उघडून 'रीसेंट'ची यादी बघा, तिथून बहुधा मिळते. सफाईचं सॉफ्टवेअर चालवायच्या आधी बघा, नंतर नाही.

पुसलेली असेल तर रिसायकल बिन. वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइल्स ठेवायची सोय) रिसायकल बिन वेगळा असतो, वेबसाइटवर, आणि घरगुती खात्यात तिथे फाइल ३० दिवस राहते.

आणि हो, घरात एकाच कॉम्प्युटरवर बाबांचं आणि मुलीचं अशी दोन खाती असतील तर एकाच्या खात्यातून दुसऱ्याचे कागद सापडणार नाहीत. हे इतकं साधं आहे की कोणाच्या लक्षातच येत नाही.

फाइलच्या नावापुढे छोटा ढग दिसतो, ते काय?

ती फाइल तुमच्या डिस्कवर नाही, वनड्राइव्हवर आहे. इथे फक्त नावाची पाटी आहे. नाव सापडतं, आतला मजकूर सूचीत आलेला नसतो. राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडलं की ती उतरते आणि मग वाचली जाते.

शोधचौकटीत अक्षरच उमटत नाही, किंवा उघडते ती नुसती कोरी.

हा वेगळा आजार आहे, सूचीशी त्याचा संबंध नाही. अक्षरं उमटत नसतील तर कीबोर्डची बाजू सांभाळणारा एक छोटा प्रोग्रॅम बंद पडलेला असतो. विंडोजचं बटण आणि 'आर' दाबून 'सीटीएफमॉन' (स्पेलिंग सी-टी-एफ-एम-ओ-एन) टाका, एंटर मारा. पुष्कळदा तेवढ्याने चालू होतं.

चौकट कोरी येत असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'सर्च' नावाची प्रक्रिया निवडून 'एंड टास्क' करा. ती आपोआप पुन्हा उठते. टास्कबारवरची शोधचौकट इंटरनेटवरचेही निकाल दाखवते, त्यामुळे कधीकधी दोष तुमच्या घरात नसतोच. ५ फेब्रुवारी २०२० ला जगभरच्या विंडोज १० मध्ये ही चौकट कोरी झाली होती आणि कारण पलीकडच्या सर्व्हरशी जोडलेलं होतं. त्या दिवशी किती जणांनी घरचं मशीन उगाच फॉरमॅट केलं असेल देव जाणे.

परीक्षेत काहीच सापडलं नाही. आता सूची नव्याने कशी बनवायची?

आधी सर्चची सेवा चालू आहे का बघा. विंडोज आणि 'आर', मग 'सर्व्हिसेस डॉट एमएससी'. लांबलचक यादीत 'विंडोज सर्च' शोधा. पुढे 'रनिंग' नसेल तर डबल क्लिक करून स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)' करा आणि 'स्टार्ट' दाबा. कॉम्प्युटर फास्ट करून देतो म्हणणारे बरेच जण ही सेवाच बंद करून जातात. फास्ट होतो थोडा, खोटं नाही. स्वयंपाकघर बंद केलं की गॅस वाचतो तसा.

सेवा चालू असूनही सापडत नसेल तर रीबिल्ड. 'इंडेक्सिंग ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड', 'रीबिल्ड'. तो विचारेल की वेळ लागेल, चालेल का, हो म्हणा. याने तुमची एकही फाइल जात नाही, फक्त सूची पुसून पुन्हा लिहिली जाते. त्याच 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'फाइल टाइप्स'चा टॅब आहे. तुमच्या वर्डच्या, पीडीएफच्या फाइल्सपुढे 'प्रॉपर्टीज अँड फाइल कंटेंट्स' निवडलेलं आहे ना ते जाता जाता बघून घ्या.

मग मशीनला हात लावू नका. तुम्ही काम करत असलात की विंडोज सूचीचं काम मुद्दाम हळू करतं, तसं तिथे लिहूनही येतं. रात्री लावून झोपा, लॅपटॉप असेल तर चार्जरला लावून आणि स्लीप बंद करून. सकाळी 'इंडेक्सिंग कम्प्लीट' दिसायला हवं. अर्ध्या तासात सापडत नाही म्हणून पुन्हा रीबिल्ड दाबणारे लोक आहेत. प्रत्येक वेळी पाटी कोरी होते.

रीबिल्ड दोन दिवस एकाच आकड्यावर अडकलंय.

सी ड्राइव्ह भरलाय का बघा. सूचीची फाइल वाढत वाढत काही जीबीपर्यंत जाऊ शकते आणि तिला जागा मिळाली नाही की ती तिथेच थांबते. 'ॲडव्हान्स्ड'मधूनच तिची जागा दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येते.

जागा असूनही अडकत असेल तर सिस्टिमच्या फाइल्स दुरुस्त करून बघा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक, 'टर्मिनल (ॲडमिन)' किंवा 'पॉवरशेल (ॲडमिन)', मग 'एसएफसी', एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'स्कॅननाऊ'. शंभर टक्के होईपर्यंत खिडकी बंद करू नका.

शोधायला लागलं की कॉम्प्युटर गोठतो आणि डब्यातून कट-कट आवाज येतो.

सर्च सोडा, आधी बॅकअप घ्या. आत्ता.

हा आवाज फिरत्या हार्डडिस्कचा आहे आणि ती शेवटचे दिवस मोजत असू शकते. सूची बनवताना डिस्कचा कानाकोपरा वाचला जातो, त्यामुळे एरवी न कळणारा खराब भाग तेव्हाच उघडा पडतो. महत्त्वाचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवल्याशिवाय रीबिल्ड, चेकडिस्क असलं काहीही चालवू नका.

आवाज नसेल, नुसताच मंद असेल, तर फिरती डिस्क काढून एसएसडी टाकण्यासारखा दुसरा उपाय नाही. लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टनच सांगा) दुकानदार जुन्यावरचं नव्यावर उतरवूनही देतात. बिल आणि वॉरंटीचा कागद मागून घ्या.

सूची वारंवार बिघडते त्याचं अजून एक कारण म्हणजे मध्येच गेलेली वीज. मुंबईत वीज सहसा जात नाही म्हणून घरात यूपीएस नसतो. १२ ऑक्टोबर २०२० सारखा शहरभर अंधाराचा दिवस क्वचित. पण गीझर, मायक्रोवेव्ह आणि एसी एकत्र लागले की घरातला एमसीबी पडतो, पावसाळ्यात मीटरच्या खोलीत पाणी येतं. सूची लिहिली जात असताना मशीन धाडकन बंद पडलं की सूची अर्धवट राहते. डेस्कटॉप असेल तर साधा यूपीएस लावा.

विंडोजचं सर्च सोडून दुसरं काही वापरू का?

नुसत्या नावावरून शोधायचं असेल तर 'एव्हरीथिंग' नावाचा फुकट प्रोग्रॅम मी स्वतः वापरतो. तो विंडोजच्या सूचीवर अवलंबून नाही. एनटीएफएस पद्धतीच्या (विंडोजची डिस्क सहसा त्याच पद्धतीची असते) डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद असलेलं एक मुख्य खातं असतं, ते तो थेट वाचतो. त्यामुळे डी, ई सगळं काही सेकंदांत समोर. शब्दाच्या मधला तुकडाही चालतो. आतल्या मजकुरासाठी तो नाही. घ्यायचा तर त्यांच्याच वेबसाइटवरून घ्या, 'फुकट डाउनलोड'च्या भाऊगर्दीतून नको.

मॅकवर हेच झालं तर?

तिथे स्पॉटलाइट असतं. सिस्टिम सेटिंग्जमध्ये स्पॉटलाइटच्या प्रायव्हसी यादीत तुमची डिस्क टाका, थोड्या वेळाने काढा. सूची नव्याने बनते.

इंटरनेटवर हेल्पलाइन नंबर मिळाला. तो म्हणतो, स्क्रीन शेअर करा, दुरुस्त करून देतो.

फोन ठेवा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला लावा, सायबर फसवणुकीसाठी तो राष्ट्रीय क्रमांक आहे.

दुरुस्तीवाला म्हणतो, 'फॉरमॅट मारू, सगळं नवं होईल.' मारू द्यायचं का?

सर्चसाठी? नाही. फॉरमॅट हा त्याच्यासाठी सोपा उपाय आहे, कारण दोन तासांत काम होतं आणि कारण शोधावं लागत नाही. माझ्या मेहुण्याकडे एकाने असाच फॉरमॅट मारला, डीला हात लावत नाही म्हणाला आणि नवं विंडोज टाकताना सगळे तुकडे एकत्र करून टाकले. आठ वर्षांचे फोटो होते त्यात. सर्च मात्र छान चालायला लागलं, शोधायला काही उरलं नव्हतं.

नवं विंडोज चढवायला सबळ कारण एकच, तुम्ही अजून विंडोज १० वर आहात. त्याची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. मशीन ११ ला पात्र असेल तर तसंही चढवायचंच आहे. पण ते अपग्रेड फाइल्स जागच्या जागी ठेवून करता येतं, फॉरमॅट लागत नाही.

सगळं करून झालं, माणूस बोलावतोय. त्याला काय सांगायचं?

वरची चिंचपोकळीची परीक्षा केली आणि काय दिसलं ते सांगा. नाव सापडतं की नाही, आतला शब्द सापडतो की नाही, डीमधलं सापडतं की नाही, या तीन उत्तरांत त्याचं निम्मं काम होतं. हवी असलेली फाइल शेवटची कधी आणि कशात उघडली होती ते आठवून ठेवा. बॅकअप नसेल तर दार उघडल्या उघडल्या तेच सांगा, बाकीचं नंतर.

आणि फाइल इंडेक्स टूचीच असेल तर कॉम्प्युटरच्या मागे फार लागू नका. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर 'ई-सर्च' आहे. दस्त क्रमांक आणि वर्ष माहीत असेल तर सूची क्रमांक दोन तिथे बघता येतो. मुलुंडच्या मावशींना हे मी सत्तेचाळीस नावं देऊन झाल्यावर सांगितलं, अजून बोलून दाखवतात.